संधिवाताची गोळी, नागिणीची लस आणि आमच्या आत्याबाईंचं ढकलपत्र

खारीबटर
काल नातेवाइकांच्या ग्रुपवर आत्याने ढकललं: 'संधिवाताच्या, साखरेच्या, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर कुठलीही लस घेऊ नका. लस आणि औषध अंगात भांडतात.' खाली सतरा नमस्कार. लगेच आईचा फोन, पुढच्या आठवड्यातली नागिणीची लस रद्द कर म्हणून. डोकं फिरलं, म्हणून इथे लिहितेय.

आई 67 वर्षांची, संधिवातासाठी दर शनिवारी मेथोट्रेक्सेटची गोळी, ती प्रतिकारशक्ती दाबते. जपायचं असतं ते जिवंत विषाणूच्या लशींना: गोवर-गालगुंड-रुबेला, कांजिण्या, पीतज्वर. प्रतिकारशक्ती दाबून ठेवलेली असली की दुबळा केलेला विषाणूही मोकाट सुटू शकतो. नागिणीची जुनी लस त्यातलीच. 2023मध्ये आपल्याकडे आलेल्या शिंग्रिक्स या नव्या लशीत विषाणू नाहीच, त्याच्या अंगावरचं एक प्रथिन आहे. ते वाढणार कुठून? भांडण म्हणायचं तर इतकंच, की औषधामुळे लस थोडी कमी लागू पडू शकते. फ्लूच्या लशीनंतर मेथोट्रेक्सेट दोन आठवडे थांबवायला सांगतात ते त्यासाठीच, तेही सांधे आटोक्यात असले तर आणि डॉक्टरांना विचारून. साखरेच्या गोळ्यांचा संबंधच काय? रक्त पातळ करणारी असेल तर टोचलेली जागा जरा जास्त वेळ दाबून धरायची.

रिकामा_डबा
दोन डोसांचे वीस हजारांच्या आसपास होतात, ते नाही लिहिलंत. आधी घाबरवायचं, मग टोचायचं.

शुद्धलेखक
'लशी' नव्हे, 'लसी'.

सुईवाला
म्हैस-म्हशी, तशी लस-लशी.

शुद्धलेखक
मग बसच्या बशी करा आणि त्यात चहा प्या.

कोकणी_फणस
एवढा खर्च कशाला? आमच्या गावात एक काका नागीण उतरवतात. गेरू लावतात, मंत्र म्हणतात, तीन दिवस मीठ बंद. माझ्या वडिलांची दहा दिवसांत सुकली. विळखा पूर्ण झाला असता तर गेलेच असते. हे पुस्तकी लोकांना कळायचं नाही.

सुईवाला
विळखा पूर्ण होतच नाही हो. लहानपणच्या कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी दडून बसतो आणि एखाद्या तंतूच्या वाटेने बाहेर येतो. तो तंतू अंगाच्या एकाच बाजूला पसरलेला, म्हणून पुरळ मध्यरेषेशी थांबतो. आणि दोन ते चार आठवड्यांत नागीण आपोआप सुकते. काकांची प्रॅक्टिस चालणारच!

कोकणी_फणस
टिंगल करू नका. काका एक पैसा घेत नाहीत. तुमची नुसती तपासणी फी किती?

खारीबटर
फणसराव, आता ऐकाच. दोन वर्षांपूर्वी आईला नागीण झाली तेव्हा याच आत्याने असाच एक गेरूवाला आणला होता. त्यात चार दिवस गेले. पुरळ उठल्यापासून 72 तासांत विषाणूवरचं औषध सुरू झालं तर खरा उपयोग. फोड सुकले, पण पुढे आठ महिने आईला ब्लाउजचं कापड टेकलेलं सहन व्हायचं नाही. मे महिन्यात पंखा बंद करून बसायची. कापडाच्या आतल्या बाजूला गेरूचे डाग अजून आहेत. फुकट पडलं म्हणता?

कोकणी_फणस
वाईट वाटलं. पण तो माणूस भोंदू असेल, आमचे काका नाहीत. डोळ्याजवळची असेल तर ते स्वतःच दवाखान्यात पाठवतात.

सुईवाला
तेवढ्यासाठी तुमच्या काकांना माझा नमस्कार. मनापासून.

लस आणि औषधाचं खरं भांडण हवं असेल तर ते दुसरीकडे आहे. असायक्लोव्हिर हे नागिणीच्या विषाणूवरचं औषध चालू असताना कांजिण्यांची लस दिली तर औषध लशीतल्या विषाणूलाच वाढू देत नाही, लस वाया जाते. रक्त चढवल्यावर गोवराची लस काही महिने पुढे ढकलतात, कारण बाहेरून आलेली प्रतिपिंडं लशीतला विषाणू मारतात. शिंग्रिक्सच्या बाबतीत यातलं काही नाही.

रिकामा_डबा
आणि गुण किती येतो? की तेही वीस हजारांत गुलदस्त्यात?

सुईवाला
पन्नाशीपुढच्यांच्या चाचणीत 97 टक्के. प्रतिकारशक्ती खालावलेल्या, स्वतःच्याच मूळपेशी परत घातलेल्या रुग्णांत 68. दंड दुखतो, एखाद-दोन दिवस कणकण येते, तेही सांगून टाकतो.

रिकामा_डबा
68 म्हणजे आमच्या वेळी फर्स्ट क्लास. ठीक आहे. पण आत केमिकल असतंच ना?

सुईवाला
लशीचा जोर वाढवायला घातलेल्या दोन पदार्थांपैकी एक चिलीतल्या एका झाडाच्या सालीतून काढतात. रिठ्यासारखा फेस येतो त्या सालीला.

कोकणी_फणस
म्हणजे झाडपालाच की! मग आम्ही काय वेगळं सांगत होतो?

शुद्धलेखक
शब्दकोश पाहिला. 'लशी'ही चालतं. पटलेलं नाही.

खारीबटर
आई तयार झाली. शुक्रवारी टोचून घेणार, पण शनिवारची गोळी चुकवणार नाही म्हणते. डॉक्टरांनीही चालू ठेवायलाच सांगितलंय. आत्याने ग्रुप सोडला.

रिकामा_डबा
वीस हजारांत नागीण आणि आत्या, दोन्ही? स्वस्त पडलं.