स्टार्टर फिरतो, पण इंजिन पकडत नाही

भाऊ, नरेंद्रनगरच्या पुलाखालच्या पाण्यातून काढल्यापासून दुचाकीचा स्टार्टर फिरतो, पण इंजिन पकडत नाही, असं तुम्ही लिहिलंय. त्यावर कुणीतरी बॅटरी बदलायचा सल्ला दिलाय. स्टार्टर जोरात फिरत असेल तर त्यात आत्ताच पैसे घालू नका.

सगळ्यात आधी एअर फिल्टर उघडा. ओला निघाला तर स्टार्टर मारणं तिथेच थांबवा. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड (पिस्टनला जोडलेला दांडा) वाकू शकतो आणि मग खर्च हजारांत जातो. हे कळकळीनं सांगतोय.

फिल्टर कोरडा असेल तर स्पार्क प्लग काढा. प्लगवरच्या टोपणात, म्हणजे कॅपमध्ये, साचलेलं पाणी पुसा, प्लग कॅपमध्ये बसवून त्याचे आटे इंजिनच्या धातूला टेकवा आणि स्टार्टर मारा. प्लगच्या भोकापासून लांब धरा, तिथून पेट्रोलची वाफ येते. निळी ठिणगी दिसली, पण प्लग कोरडाच निघाला होता, तर पेट्रोल पोचत नाही. कार्बोरेटर (पेट्रोल-हवा मिसळणारा भाग) असेल तर त्याच्या खालचा ड्रेन स्क्रू सैल करून काचेच्या बाटलीत थोडं पेट्रोल घ्या. पाणी असेल तर तळाशी वेगळा थर दिसेल. गाडी इंजेक्शनची (पंपानं पेट्रोल फवारणारी) असेल तर चावी फिरवल्यावर दोन-तीन सेकंद पंपाची घरघर ऐकू येते का बघा. किल स्विच, म्हणजे हँडलवरचं इंजिन बंद करायचं बटणही एकदा तपासा.

मॉडेल कोणतं आणि प्लग ओला निघाला की कोरडा, तेवढं कळवा.