कमांड आणि डेटा एकाच कनेक्शनवर का कोंबायचे?

जळगावकर: माझ्या मते स्टोरेज प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे नेटवर्कवरून डिस्क वापरायच्या नियमांत, दोन्ही वेगळे हवेत. इथल्या एका इमेजिंग सेंटरचा सगळा साठा आयस्कझी या अशाच प्रोटोकॉलवर आहे. एमआरआयच्या फायली चढायला लागल्या की डॉक्टरांची छोटीशी रीडसुद्धा अडकते. सॉकेटच्या बफरात (पाठवायच्या डेटाच्या रांगेत) ४ एमबी भरलेले असतील तर १ गिगाबिट लिंकवर ते निघायलाच ३० मिलिसेकंदांहून जास्त लागतात, आणि नवी कमांड त्यांच्या मागे उभी. रावेरच्या केळीच्या ट्रकांमागे रुग्णवाहिका अडकावी तसं.

धुळेकर: भाऊ, वेगळे केल्यावर काय होतं ते फाइल पाठवायच्या जुन्या एफटीपी प्रोटोकॉलमध्ये बघा. आरएफसी ९५९ (इंटरनेटचं नियमपत्रक), साल १९८५: कमांड पोर्ट २१ वर, डेटा दुसऱ्या कनेक्शनवर. आमच्या शाखांचा रात्रीचा बॅकअप असाच यायचा. मोठी फाइल चालू असताना कमांडचं कनेक्शन गप्प बसतं, म्हणून फायरवॉल ते तोडते. फाइल शेवटच्या बाइटपर्यंत पोचलेली, पण काम झाल्याचं २२६ हे उत्तर येतच नाही. क्लायंट फेल म्हणतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू.

जळगावकर: ते फायरवॉलचं दुखणं. स्टोरेजच्या बंदिस्त व्हीलॅनमध्ये (वेगळ्या काढलेल्या नेटवर्कमध्ये) ती येतेच कुठे?

धुळेकर: केबल तर सैल होते ना! डेटा आला आणि त्याची कमांड अजून वाटेतच, तर टार्गेटने, म्हणजे साठ्याच्या यंत्राने, तो डेटा किती वेळ धरून बसायचं? म्हणूनच आयस्कझीच्या २००४ च्या आरएफसी ३७२० मध्ये नियम आहे: कमांड ज्या कनेक्शनवर, तिचा डेटा आणि स्टेटसही त्याच कनेक्शनवर. एका सेशनमध्ये, म्हणजे क्लायंट आणि टार्गेटच्या एका लॉगिनमध्ये, जास्त कनेक्शनं उघडा की.

जळगावकर: त्याने सुटत नाही. कमांडचा क्रम सेशनभर एकच असतो. आधीच्या नंबरची राइट पहिल्या कनेक्शनच्या बफरात अडकली, तर दुसरीकडून पोचलेली रीडसुद्धा थांबते. शिवाय लिनक्सचा ओपन-आयस्कझी हा क्लायंट एका सेशनला एकच कनेक्शन देतो.

भुसावळकर: दोघांच्या मधली वाट एनव्हीएमई-टीसीपी या दुसऱ्या स्टोरेज प्रोटोकॉलमध्ये आहे. कमांडच्या प्रत्येक रांगेला स्वतःचं टीसीपी कनेक्शन, कमांड आणि तिचा डेटा एकत्रच. पण ॲबॉर्ट (कमांड रद्द करायची सूचना) वेगळ्या ॲडमिन रांगेतून जातो, आणि लिनक्सवर राइटच्या रांगा रीडपासून वेगळ्या ठेवता येतात. मोठ्या राइटमागे रीड अडकत नाही, आणि धुळेकरांना भीती आहे तसा कमांडच्या आधी डेटाही येत नाही.

जळगावकर: हे पटलं. पण आमच्या स्टोरेजला फक्त आयस्कझी येतं, आणि तिथे माझी तक्रार कायम आहे.

धुळेकर: मग मल्टिपाथने (एकाच साठ्याकडे जायच्या अनेक वाटांनी) दोन सेशन घ्या, एमआरआयचं व्हॉल्यूम एकावर, डॉक्टरांचं दुसऱ्यावर. प्रोटोकॉलला हात लावू नका.