पारंपरिक तिरंदाजी : कोच धनुष्य घेण्याआधी की नंतर?

भाता
साईट (नेम धरायची खूण), स्टॅबिलायझर (तोल सांभाळणारा दांडा), क्लिकर (ओढ पूर्ण झाली की टक् वाजणारी पट्टी) यांतलं काहीच नसलेल्या धनुष्यांबद्दल बोलतोय : लाँगबो (लांब, सरळसं), साधा रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेला), हॉर्सबो (घोड्यावरून मारायचं आखूड धनुष्य). नव्याने येणाऱ्याला सर्रास सांगितलं जातं की आधी सहा महिने स्वतःच बाण मारून बघ, आवड टिकली तर कोच शोध. मला हा क्रम उलटा वाटतो. कोचची सर्वांत जास्त गरज धनुष्य विकत घेण्याआधी असते. त्यानंतर बराच काळ त्याच्याशिवाय चालतं.

धनुष्यावर लिहिलेलं वजन, म्हणजे दोरी ओढायला लागणारा जोर, बहुधा २८ इंच ओढीला (दोरी जितकी मागे येते त्या अंतराला) मोजलेलं असतं. तुमची ओढ २६ इंच असेल तर हाताला साधारण ४ ते ६ पाउंड कमी लागतात, ३० असेल तर जवळजवळ तेवढेच जास्त. त्यात नवख्याची ओढ स्थिर नसते. खांदा खाली बसायला लागला, पाठ काम करू लागली की ती वाढते. सुरुवातीला मापून कापलेले बाण मग आखूड पडतात, आणि आखूड बाणाचं टोक शेल्फवरून (धनुष्यावर बाण टेकायच्या जागेवरून) मागे घसरलं तर तो हातात घुसू शकतो. तिसरी गोष्ट डोळ्याची. उजव्या हाताने ओढणाऱ्याचा डावा डोळा प्रबळ असेल (नेम धरताना मेंदू त्याचंच ऐकत असेल), तर दोन्ही डोळे उघडे ठेवून बाणाच्या टोकावरून नेम धरताना बाण डावीकडे जातात. त्याने कदाचित डाव्या हाताचं धनुष्यच घ्यायला हवं. हे सगळं पैसे मोजण्याआधी ठरतं, नंतर नाही.

बिनसाईट
सहमत नाही. ही मापं कोणीही जाणता तिरंदाज अर्ध्या तासात घेऊन देईल, त्याला कोचिंग कशाला म्हणायचं? कोचिंग म्हणजे फॉर्म : उभं राहण्याची, ओढण्याची, सोडण्याची ढब. तो पहिल्या दिवसापासून डोक्यात भरला की माणूस बाण सोडताना कोपर, बोटं, हनुवटी, श्वास यांची उजळणी करत बसतो आणि लक्ष्याकडे बघायचंच राहून जातं.

शिवाय कोच कुठल्या पद्धतीचा? बरेच जण ऑलिंपिक रिकर्व्हमधून आलेले असतात. ते हनुवटीखाली अँकर (ओढलेला हात चेहऱ्याला टेकवायची ठरलेली जागा) शिकवतात, साईट असेल तर ते योग्यच आहे. बिनसाईटच्या धनुष्याला अँकर ओठांच्या कोपऱ्याशी किंवा त्याहून वर लागतो, म्हणजे बाण डोळ्याच्या जवळ येतो. अंगठ्याने ओढायच्या मंगोल, तुर्की, कोरियन पद्धतींत तर बाण धनुष्याच्या दुसऱ्याच बाजूला ठेवतात. अशा वेळी कोचचं निम्मं शिकवणं पुढे पुसावं लागतं. हलकं धनुष्य घ्या, जवळ मोठं लक्ष्य ठेवा, दोन-तीन महिने एकट्याने मारा. मग स्वतःचे प्रश्न घेऊन जा.

पाठबळ
त्या दोन-तीन महिन्यांतच घोळ होतो. १० मीटरवर बाण मुठीएवढ्या जागेत बसले म्हणून फॉर्म बसला असं होत नाही. रोज तीच चूक केली तरी ग्रुप, म्हणजे बाणांचा पुंजका, घट्ट येतो. दोरी सोडताना हात गालापासून बाहेर झटकणं, बाण सुटायच्या क्षणी ओढ अर्धा इंच ढिली पडणं, हे जवळून कळत नाही. २५ मीटरवर गेल्यावर पहिली चूक बाण आडवे पसरवते, दुसरी उभे. तोवर हाताला तीच सवय लागलेली असते.

बिनसाईट
त्यासाठी मोबाइल आहे ना. बाजूने आणि मागून व्हिडिओ काढा, सगळं दिसतं.

पाठबळ
दिसतं, पण कारण कळत नाही. ओढ ढिली पडतेय ती धनुष्य जड आहे म्हणून, की टार्गेट पॅनिक (लक्ष्य दिसताच ताबा सुटून बाण घाईने सोडला जाणं) सुरू झालंय म्हणून? पहिल्यावर उपाय हलकं धनुष्य. दुसऱ्यावर लक्ष्याचा कागद काढून दोन-तीन मीटरवरून कोऱ्या गठ्ठ्यावर बाण मारत राहणं. नवख्याला व्हिडिओत दोन्ही सारखेच दिसतात.

वेताची_कमान
एकट्याने शिकण्याला परंपरेचा आधार दिला जातो ते मला खटकतं. क्यूदोत, म्हणजे जपानी तिरंदाजीत, नवखा रबरी सरावधनुष्यावर हालचालीचे आठ टप्पे गिरवतो, मग धनुष्याच्या लांबीएवढ्या, साधारण दोन मीटर अंतरावरच्या पेंढ्याच्या गठ्ठ्यावर बाण मारतो, २८ मीटरचं लक्ष्य त्यानंतर. उस्मानी तुर्कांकडे बाण न लावता नुसतं ओढायचं हलकं धनुष्य होतं. इंग्लंडमध्ये ह्यू लॅटिमर या धर्मोपदेशकाने १५४९ च्या एका प्रवचनात सांगितलं होतं की वडिलांनी त्याला नुसत्या दंडाच्या जोरावर न ओढता सगळं अंग धनुष्यात घालायला शिकवलं, आणि वय व ताकद बघून धनुष्यं घेऊन दिली. म्हणजे जवळ शिकवणारा होता, आणि तो वजन हळूहळू वाढवत होता.

भाता
बिनसाईट, पद्धतीचा मुद्दा मान्य. म्हणून कोचला आधी विचारावं की तुम्ही स्वतः कुठलं धनुष्य मारता. बिनसाईटचं कधी मारलंच नसेल तर त्याच्याकडून ओढ, डोळा आणि सुरक्षिततेचे नियम एवढंच घ्यावं. बाण न लावता दोरी सोडली तर धनुष्य तुटू शकतं, हेसुद्धा कुणी सांगेपर्यंत अनेकांना ठाऊक नसतं. आणि मोठ्या माणसाच्या हातात पहिल्याच दिवशी ४५ पाउंडांचं धनुष्य देणाऱ्या कोचकडे परत जाऊ नये. २० ते २५ पुरेसे आहेत.

बिनसाईट
अंगठ्याची पद्धत शिकवणारा आसपास कुणी नसेल त्याने काय करायचं, याचं उत्तर अजून मिळालेलं नाही. तो एकट्यानेच सुरू करणार, आणि करावंच. एक गोष्ट मात्र मान्य करतो : ओढताना खांद्यात कळ आली तर सराव त्याच दिवशी थांबवा आणि मिळेल त्या पद्धतीच्या चांगल्या कोचला ओढ दाखवा. बाकीच्या गोष्टींना दोन-तीन महिने थांबता येतं.