आरओ घ्यावा की नको? घरात एकमत होत नाहीये, सल्ला हवा

कृष्णाकाठ:
नमस्कार मंडळी. आमची सोसायटी शहराच्या हद्दीत अलीकडेच आलेल्या भागात आहे. नळाला दिवसाआड पाणी, बाकी बोअर आणि उन्हाळ्यात टँकर. सगळं एकाच खालच्या टाकीत पडतं. गेल्या महिन्यात माझ्या चार वर्षांच्या लेकीला जुलाब झाले, दोन दिवस सलाइन लावावं लागलं. तेव्हापासून नवरा आरओ, म्हणजे पाण्यातले क्षारही काढणारं शुद्धीकरणाचं मशीन, घेऊच म्हणतोय. सासऱ्यांचा विरोध आहे. ते म्हणतात, पाणीपट्टी आपण भरतो, शुद्ध पाणी देणं पालिकेचं काम; घरोघरी मशीन बसली की जाब विचारायला कोण जाणार?

शनिवारी एक विक्रेता आला होता. एका ग्लासात आमचं पाणी, दुसऱ्यात त्याच्या मशीनचं. दोन्हींत दांड्या बुडवून बटण दाबलं. दोन मिनिटांत आमचं पाणी काळपट हिरवं झालं, वर फेस, तळाला गाळ. त्याचं होतं तसंच नितळ. ते बघून माझ्या पोटात गोळा आला. टीडीएस मीटरवर ४१० आकडा आला. मशीनची किंमत १६,५०० सांगितली आहे. काय करू?

माणदेशी:
ताई, घेऊन टाका. लेकराच्या जिवापुढे पैसे काय! आमच्याकडे सात वर्षं आहे. दरवर्षी एएमसी (देखभालीचा वार्षिक करार) करतो, कँडल वेळेवर बदलतो, काही तक्रार नाही.

धायरीकर:
ताई, पैसे देऊ नका, थोडं थांबा. त्या दांड्यांतली एक लोखंडाची आणि एक ॲल्युमिनियमची असते. वीज सोडली की लोखंड झिजतं आणि त्याचा गाळ होतो. तुम्ही पाहिलेली घाण त्या दांडीची होती, पाण्यातली नव्हे. आरओच्या पाण्यात क्षार नसल्यासारखेच असतात, म्हणून त्यातून वीज जेमतेम वाहते आणि ते नितळ राहतं. पुढच्या वेळी त्याच्या ग्लासात चिमूटभर मीठ टाकायला सांगा, तेही तसंच काळं होईल.

आता टीडीएस. हा आकडा विरघळलेल्या क्षारांचा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत चालतं, दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत. ५००च्या आत टीडीएस असेल तिथे आरओवर बंदी घाला, असं राष्ट्रीय हरित लवादानं २०१९ मध्ये सरकारला सांगितलं होतं, कारण त्यात पाणी फार वाया जातं. लेकीला जुलाब पाण्यामुळे झाले असतील तर ते जंतूंनी झाले, आणि जंतू या मीटरला दिसत नाहीत. ५० टीडीएसच्या पाण्यात थोडा मैला मिसळला तरी मीटर पन्नासच्या आसपासच राहील.

मी हे पोटतिडकीनं लिहितोय, कारण २०२५च्या जानेवारीत पुण्यात आमच्या सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात जीबीएसचे (गिलेन-बारे, नसांवर घाला घालून हातपाय लुळे पाडणारा आजार) रुग्ण वाढले, तेव्हा संशय पाण्यावरच होता. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा जंतू सापडला. त्या दिवसांत आमच्या गल्लीत जो तो टीडीएस मोजत होता, पाणी उकळणारी घरं मात्र थोडी. जंतूंसाठी यूव्ही (अतिनील किरणांनी जंतू मारणारा) किंवा यूएफचा (अतिबारीक छिद्रांतून पाणी गाळणारा) फिल्टर पुरतो. यूएफला वीजही लागत नाही. यूव्हीला मात्र पाणी नितळ लागतं, गढूळ पाण्यात जंतू कणांच्या आड लपतात. तोवर पाणी खळखळ उकळा. एक मिनिट उकळी राहू दे, झाकून गार करा.

वऱ्हाडची लेक:
धायरीकर दादा, जंतूंचं पटलं, पण आरओला सरसकट नाही म्हणू नका. माझं माहेर यवतमाळ जिल्ह्यातलं. आमच्याकडं बोअरच्या पाण्यात फ्लोराइड आहे. माझ्या भावाच्या पुढच्या दातांवर लहानपणापासून तपकिरी पट्टे आहेत, फोटो काढताना तो ओठ मिटून घेतो. फ्लोराइडची मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम, फार तर दीड. ते टीडीएसच्या आकड्यात वेगळं कळत नाही आणि उकळून जात नाही. तिथं आरओ कामाचा. ताई, तुमचंही बोअर आहे, म्हणून फ्लोराइड आणि नायट्रेट तपासूनच ठरवा. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या किंवा जिल्हा आरोग्य प्रयोगशाळेत तपासणी होते. जंतूंसाठीची बाटली निर्जंतुक लागते, ती त्यांच्याकडूनच घ्या आणि नमुना त्याच दिवशी बर्फात ठेवून पोचवा.

टाकीवाले:
मी ग्रामपंचायतीत पाणीपुरवठ्याचं काम केलंय. तुमच्या सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा, त्यांचं म्हणणं सोडू नका. ओटीची, म्हणजे क्लोरीन तपासायच्या औषधाची, बाटली आणा. नळाच्या पाण्यात थेंब टाकले आणि पिवळं झालं तर जंतू मारणारा क्लोरीन आहे. शेवटच्या नळालाही लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम हवा. पाणी पांढरंच राहिलं तर फोटो काढा, तारीख टाका आणि लेखी तक्रार करा. तोंडी सांगितलेलं कुणी ऐकत नाही. टाकीत पडणाऱ्या नळाच्या पाण्याला पिवळा रंग येतो आणि स्वयंपाकघरात येत नाही, असं असेल तर दोष तुमच्या टाकीत. टाकी शेवटची कधी धुतली? ड्रेनेजचं चेंबर तिच्यापासून किती लांब आहे? टँकरवाल्याला पाणी कुठून भरतो ते विचारलंय का?

कृष्णाकाठ:
सगळ्यांचे आभार. आज नाना, म्हणजे माझे सासरे, स्वतः ओटी घेऊन आले. जिन्याखाली, जिथं नळाचं पाणी टाकीत पडतं, तिथं पिवळं झालं. स्वयंपाकघरात पांढरं. टाकीचं झाकण उघडलं तर कडेनं शेवाळ, आणि चेंबर हातभर अंतरावर. धुतल्याची तारीख सेक्रेटरींनाही सांगता येईना. रविवारी टाकी धुणार आहेत, वर्गणी घराला ३०० रुपये. वऱ्हाडच्या ताई, बोअरचा आणि टाकीचा असे दोन वेगळे नमुने सोमवारी देतेय. विक्रेत्याला नको म्हणून कळवलं. नवरा म्हणाला, अहवाल येईपर्यंत पाणी तो उकळेल. नाना तक्रारीचा कागद लिहायला बसलेत. अहवाल आला की इथेच आकडे टाकते.