मदत हवी आहे: इनडोअर शूटिंग रेंजवर नक्की कुठल्या गोळ्या चालतात? (ह्यूस्टन)

नमस्कार मंडळी, आम्ही ह्यूस्टनला असतो, मी आणि बायको दोघंही ग्रीन कार्डवर. यंदा रीतसर क्लास करून नऊ एमएमचं पिस्तूल घेतलं आणि इथल्या उन्हाळ्यात बाहेरच्या रेंजवर उभं राहवत नाही म्हणून घराजवळची इनडोअर रेंज जॉइन करतोय. ऑफिसमधल्या एका मित्राने शहर सोडताना त्याची एआर-१५ रायफल मला विकली आणि सोबत खोकाभर अ‍ॅम्युनिशन दिली, आता प्रश्न त्या खोक्याचा आहे.

त्यात आहे असं: नऊ एमएमचे ११५ ग्रेनचे (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप) पितळी केसचे (केस म्हणजे मागचं पावडर भरलेलं नळकांडं) बॉक्स, त्याच मापाचे पण राखाडी स्टील केसवाले काही, रायफलच्या ५.५६ मापाचे एम८५५ असं छापलेले ज्यांच्या टोकाला हिरवा रंग आहे, एका झिपच्या पिशवीत लेबल नसलेल्या गोळ्या (मित्र घरी रीलोड करायचा, म्हणजे वापरलेल्या केस पुन्हा भरायचा), आणि बारा गेजची बर्डशॉट (शॉटगनची बारीक छर्ऱ्यांची काडतुसं). रेंजच्या नियमांत लिहिलंय की स्टील कोअर (गोळीच्या आत स्टीलचा गाभा), आर्मर पिअर्सिंग (चिलखत भेदणारी), ट्रेसर (मागे जळती रेघ सोडणारी) चालणार नाही आणि मॅग्नेटने चेक करू. मग स्टील केस म्हणजेच स्टील कोअर का? घरी फ्रिजवरचं मॅग्नेट लावून बघितलं तर राखाडी केसलाही चिकटतं आणि हिरव्या टोकालाही चिकटतं, त्यामुळे गोंधळ वाढलाय. फोन केला तर काउंटरवरचा मुलगा म्हणतो घेऊन या, बघून सांगू. सगळं खोकं उचलून न्यायचं आणि चारचौघांत परत पाठवलं तर ते नको वाटतं.

आणखी एक, भाचा नागपूरहून इथे एमएस करायला आलाय, त्याला पण एकदा यायचंय. तिथेच भाड्याने पिस्तूल घेऊन दिलं तर चालेल ना?

प्रतिसाद १
मी डॅलसकडे वीकेंडला एका रेंजवर सेफ्टी ऑफिसर म्हणून उभा असतो, त्यामुळे रोज हेच बघतो. केस आणि कोअर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत दादा. मॅग्नेट केसला नाही, पुढच्या गोळीला लावायचं, अगदी टोकापाशी. तिथे चिकटलं तर आत स्टील आहे किंवा वरचं जॅकेट (आवरण) तरी स्टीलचं आहे ज्यावर तांब्याचा पातळ मुलामा असतो, त्याला बायमेटल म्हणतात. आत शुद्ध शिसं असलं तरी बायमेटलला मॅग्नेट चिकटतं आणि बऱ्याच रेंज तेही परत पाठवतात. कारण असं की टार्गेटच्या मागे गोळ्या अडवायला तिरक्या स्टीलच्या प्लेटा किंवा रबराच्या तुकड्यांचा ढीग असतो. स्टील आदळलं की प्लेटेला खड्डे पडतात आणि ठिणग्या उडतात. बंद जागेत जमिनीवर न जळलेली पावडर पडलेली असते, ती किंवा रबर पेटलं तर सगळ्यांच्या जिवाशी खेळ. ट्रेसर आणि इन्सेंडिअरी (आग लावणारी) तर याच कारणाने सरसकट बंद.

तुमचं खोकं: पितळी ११५ ग्रेनच्या टोकाला मॅग्नेट चिकटत नसेल तर बिनधास्त न्या. हिरवं टोक म्हणजे ६२ ग्रेनची गोळी, शिशाच्या पुढे स्टीलचा तुकडा, ती इनडोअरला विसरा. एआरसाठी ५५ ग्रेनची साधी शिशाच्या कोअरची फुल मेटल जॅकेट घ्या, पण आधी विचारा की तुमच्या रेंजवर रायफल चालते का, काही ठिकाणी फक्त पिस्तुलाच्या कॅलिबरना परवानगी असते. राखाडी स्टील केस काही ठिकाणी चालते, काही ठिकाणी नाही, कारण खाली पडलेलं पितळ गोळा करून विकतात आणि त्यात स्टील मिसळलं की निवडत बसावं लागतं. रीलोड तर नकोच, पावडर किती भरलीय हे मित्रालाच माहीत. बर्डशॉटचे छर्रे पसरतात, टार्गेट धरणारं कॅरिअर आणि बाजूच्या भिंती फोडतात, म्हणून शॉटगन चालत असली तरी बहुतेक ठिकाणी स्लग (एकच मोठी गोळी) किंवा बकशॉटच (मोठे छर्रे). आणि भाड्याची गन घेतली तर गोळ्या साधारण त्यांच्याच दुकानातून घ्यायला लावतात.

प्रतिसाद २
घरात लहान मुलं असतील तर माझं ऐका. साध्या गोळीच्या प्रायमरमध्येही (केसच्या बुडाशी पावडर पेटवणारा भाग) शिशाचं संयुग असतं, धूर आपण श्वासात घेतो, कपड्यांवर बसतं. आल्या आल्या मुलांना जवळ घेऊ नका, आधी हात-तोंड थंड पाण्याने साबण लावून धुवा, बूट बाहेर, कपडे वेगळे धुवा. वहिनींना दिवस असतील तर इनडोअरला जाऊच नये. जमलं तर लेड-फ्री प्रायमर आणि पूर्ण झाकलेल्या जॅकेटची गोळी मागा, महाग पडते पण बंद हॉलमध्ये फरक पडतो.

प्रतिसाद ३
भाच्याचं थांबवा आधी!! एफ-१ (विद्यार्थ्यांचा), एच-१बी (नोकरीचा), बी-२ (पर्यटकांचा) हे सगळे नॉनइमिग्रंट, म्हणजे तात्पुरत्या मुक्कामाचे व्हिसा. फेडरल कायद्याने यांना बंदूकही नाही आणि गोळीही नाही, आणि रेंजवर भाड्याने घेऊन पाच मिनिटं हातात धरली तरी ते पझेशनच, म्हणजे कायद्याने ताबा. त्याला जे मोजके अपवाद आहेत त्यात आपल्या मुलांना जमेल असा एकच, वैध हंटिंग (शिकारीचं) लायसन्स. माहीत असून हातात देणारा पण अडकतो, शिक्षा १५ वर्षांपर्यंत आहे, आणि बंदुकीच्या गुन्ह्यात कन्व्हिक्शन झालं तर ग्रीन कार्डवाल्यालाही डिपोर्ट करू शकतात. रेंजवाले फॉर्मवर सही घेतात, कोणी विचारलं नाही म्हणजे चाललं असं नसतं. तो नुसता काचेमागे उभा राहून बघू दे, किंवा आधी लायसन्स काढून इमिग्रेशनच्या वकिलाला विचारून मग ठरवा.

धागाकर्ता
बापरे, भाच्याचं हे खरंच माहीत नव्हतं, आत्ताच त्याला फोन करून सांगितलं, सगळ्यांचे मनापासून आभार. मॅग्नेट परत नीट गोळीच्या टोकाला लावून बघितलं, राखाडी केसवाल्या बॉक्सच्या गोळीला पण चिकटतंय, म्हणजे बायमेटल, तेही बाजूला काढलं. शनिवारी फक्त पितळी बॉक्स नेतो. डॅलसवाले दादा, झिपच्या पिशवीतल्या गोळ्या कचऱ्यात टाकायच्या नसतात ना, मग द्यायच्या कुठे?

प्रतिसाद १
कचऱ्यात अजिबात नाही. रेंजवर विचारा, बऱ्याच जणांकडे खराब गोळ्यांसाठी वेगळा डबा असतो. नाही तर पोलिसांच्या नॉन-इमर्जन्सी नंबरवर फोन करा, कुठे आणून द्यायच्या ते सांगतात. न विचारता थेट स्टेशनवर नेऊ नका.