नळाला क्लोरिन आहे, घरातल्या कळशीत नाही: मदत हवी आहे

बांगलादेशातल्या कॉक्स बाजारच्या कुतुपालाँग रोहिंग्या छावणीत पाणीपुरवठ्याचं काम करतोय. खोल कूपनलिकेचं पाणी टाकीत क्लोरिन मिसळून नळकोंडाळ्यांना जातं. नळाला मुक्त क्लोरिन (जंतू मारायला पाण्यात शिल्लक असलेला) लिटरला ०.५ मिलिग्रॅम मिळतो, पण सात-आठ तासांनी घरातल्या कळशीत जवळपास शून्य.

डोस वाढवून ०.८ केला, तर वासामुळे बायका उथळ हातपंपाकडे वळल्या. हे पंप २०१७ च्या निर्वासितांच्या लोंढ्यात घाईघाईने बसवलेले, काही तर संडासांना खेटून! म्हणजे शुद्ध पाणी देण्याच्या नादात आपणच लोकांना दूषित पाण्याकडे ढकलायचं. डोस लगेच खाली आणला. कळश्या घासून, झाकणं देऊन पाहिलं, थोडाच फरक. घरोघरी क्लोरिनच्या गोळ्या दिल्या, पण त्यांनाही वासाचीच तक्रार.

क्लोरिन खाऊन टाकेल असं पाणी गढूळ नाही, लोहही कमी. क्लोरिनची तपासणी ओटीच्या (ऑर्थोटोलिडीन) थेंबांनी नाही, मुक्त क्लोरिन जास्त नेमका दाखवणाऱ्या डीपीडी चाचणी-गोळ्यांनी करतो. दिवसभर पाणी सोडणं शक्य नाही, सकाळ-संध्याकाळ दोन-दोन तासच.

गावी टीसीएलचं (ब्लीचिंग पावडरचं) काम केलेल्यांना विचारतो: वासाची तक्रार न येता बारा तासांनी घरात ०.२ राखायचा, तर टाकीत थोडा आणि कोंडाळ्याशी थोडा असा दोनदा डोस देऊन कुणाला फरक दिसलाय का? कोणत्या प्रमाणात दिला होता?