ओबिलिचचं १९९८चं विजेतेपद रेकॉर्डमधून काढावं का?

डावा_विंगर

बेलग्रेडच्या व्राचार भागातला ओबिलिच हा फुटबॉल क्लब १९९७-९८ मध्ये युगोस्लाव्हियाचा विजेता झाला. वरच्या विभागातलं पहिलंच वर्ष, प्रशिक्षक द्रागान ओकुका, आणि बेलग्रेडचाच बडा क्लब रेड स्टार दोन गुणांनी मागे. त्यानंतर तिथली लीग रेड स्टार आणि बेलग्रेडचाच दुसरा क्लब पार्टिझान सोडून आजवर कुणीही जिंकलेली नाही. तरीही या क्लबचा विषय निघाला की "ते विजेतेपद धरूच नका" म्हणणारे हटकून भेटतात, कारण तेव्हा क्लब आर्कानच्या ताब्यात होता.

आर्कान म्हणजे झेल्को राझ्नातोविच. आधी रेड स्टारच्या कट्टर पाठीराख्यांचा म्होरक्या, मग १९९० मध्ये उभारलेल्या सशस्त्र टोळीचा प्रमुख. युगोस्लाव्हिया फुटतानाच्या युद्धांत या टोळीने क्रोएशिया आणि बोस्नियात केलेले अत्याचार जगाला माहीत आहेत. १९९६ मध्ये त्याने ओबिलिच घेतला.

माझं स्पष्ट मत: विजेतेपद राहू द्यावं आणि शेजारी मालक कोण होता तेही लिहावं. नोंद खोडली की त्या काळात तिथलं फुटबॉल कुणाच्या मुठीत होतं, याचा पुरावाच हातातून जातो. पुढच्या पिढीला कोरी जागा दिसेल.

सुनेत्रा_वाई

अजिबात पटलं नाही. एप्रिल १९९२ मधला बोस्नियातल्या बियेलिना गावातला एक फोटो आठवा. रस्त्यावर माणसं निपचित पडली आहेत. आर्कानच्या टोळीतला एक तरुण, गॉगल केसांवर सरकवलेला, हातात सिगरेट, पडलेल्या बाईला लाथ मारायला पाय मागे घेतोय. या टोळीचा प्रमुख सहा वर्षांनी विजेत्या संघाचा मालक म्हणून मिरवतो आणि आपण गुणतक्त्यावर चर्चा करायची?

त्या हंगामात प्रतिस्पर्धी खेळाडूंना गोल केलात तर बघा, अशा धमक्या दिल्याचे आरोप झाले. आर्कानच्या टोळीतली माणसं स्टँडमध्ये बसून घोषणा देत. समोरचा फॉरवर्ड पेनल्टी बॉक्समध्ये शिरताना चेंडूकडे बघेल की स्टँडकडे? जिथे हरणाऱ्याला जिंकायची मुभाच नव्हती, तिथे विजेता ठरलाच नाही.

जुना_स्टँड

सुनेत्राताई, राग समजतो. पण क्लब आर्कानने जन्माला घातलेला नाही. ओबिलिच १९२४ चा. नाव मिलोश ओबिलिचचं. १३८९ च्या कोसोवोच्या लढाईत ज्याने सुलतान मुरादला मारलं असं सर्बियन दंतकथा सांगते, तो योद्धा. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या कम्युनिस्ट राजवटीला हे नाव खपेना, म्हणून क्लबला चुबुरात्स व्हावं लागलं. वस्तीतल्या लोकांनी चिकाटी सोडली नाही आणि पुढे मूळ नाव परत मिळवलं. एका गल्लीतल्या क्लबसाठी लोक इतकी वर्षं धरून राहतात, हे मला फार मोलाचं वाटतं.

आणखी एक गोष्ट नेहमी निसटते. आर्कान येण्याआधीच, १९९५ मध्ये, हा संघ देशातल्या कपच्या अंतिम फेरीत पोहोचला होता. रेड स्टारकडून हरला, पण युरोपातल्या कप विनर्स कप या स्पर्धेत खेळायला मिळालं आणि जॉर्जियाच्या दिनामो बातुमीने बाहेर काढलं. म्हणजे संघात दम होता. आर्कानला आयतं घर मिळालं.

कलम_पाच

खोडायचं म्हटलं तर आधार काय? १९९३ मध्ये मार्सेयचं फ्रेंच विजेतेपद काढून घेतलं, कारण व्हॅलेन्सियनच्या खेळाडूंना पैसे चारल्याचं उघड झालं. चौकशी झाली, माणसं तुरुंगात गेली. ओबिलिचच्या बाबतीत एकाही सामन्याचा असा निकाल लागलेला नाही. आरोपांवर रेकॉर्ड बदलायला लागलो तर कुठलीच लीग उरणार नाही.

सुनेत्रा_वाई

चौकशी करणार कोण होतं? तेव्हाचा युगोस्लाव्हियाचा राष्ट्राध्यक्ष मिलोशेविच, त्याच्या राज्यात? युगोस्लाव्हियातल्या युद्धगुन्ह्यांसाठीच्या हेगच्या न्यायाधिकरणाचं आर्कानवरचं आरोपपत्र १९९७ मध्येच तयार होतं, जाहीर व्हायला मार्च १९९९ उजाडला. १५ जानेवारी २००० ला बेलग्रेडच्या इंटरकॉन्टिनेंटल हॉटेलात तो गोळ्या लागून मेला, खटला उभा राहिलाच नाही. निकाल नाही म्हणून संशयाचा फायदा, हा न्याय धमकावलेल्या खेळाडूंना कसा सांगणार?

युरोपच्या फुटबॉल संघटनेने, युएफाने, तरी काय केलं? आर्कानमुळे बंदीची भाषा सुरू झाल्यावर त्याने पद सोडलं आणि बायको, गायिका त्सेत्सा, अध्यक्ष झाली. तेवढ्यावर भागलं. संघ युरोपात खेळला: आइसलँडच्या आयबीव्हीला हरवलं, बायर्नकडून म्युनिकमध्ये ४-० मार खाल्ला, बेलग्रेडला १-१.

फातोर्डाकार

त्या १-१ वरून बोलतो. समोर बायर्न होता, त्यांना कोण धमकावणार? तिथे खेळाडू स्वतःच्या पायांवर उभे राहिले. नंतर अ‍ॅटलेटिको माद्रिदकडून हरले, पण कुणी लाज वाटावी असं खेळलं नाही.

२०२२ मध्ये आमच्या गोव्यातल्या फातोर्ड्याला आयएसएलची, म्हणजे इंडियन सुपर लीगची, फायनल झाली. हैदराबादने पेनल्टीवर केरळा ब्लास्टर्सला हरवलं. ब्लास्टर्सचे प्रशिक्षक इव्हान वुकोमानोविच खेळाडू म्हणून ओबिलिचमध्येही होते. विशीतल्या पोराला क्लबने बोलावलं की तो जातो, मालकाची कुंडली मागत नाही. नोंद खोडताना अशा सगळ्या पोरांची मेहनत खोडताय, एवढं लक्षात असू द्या.

सुनेत्रा_वाई

पोरांबद्दल माझं काही म्हणणं नाही, उलट त्यांनाही लुबाडलं गेलं. २०११ मध्ये त्सेत्साने गुन्हा कबूल करून तडजोड केली: वर्षभर नजरकैद आणि १५ लाख युरो दंड. प्रकरण ओबिलिचच्या खेळाडूंच्या विक्रीतल्या पैशांचं, शिवाय बेकायदा शस्त्रांचं. २००६ मध्ये क्लब वरच्या विभागातून घसरला तो एकेक पायरी खाली जात बेलग्रेडच्या स्थानिक लीगपर्यंत.

डावा_विंगर

म्हणूनच म्हणतो, ताई, हे सगळं एकत्र लिहा. १९२४, १९९५, १९९८, २००६ आणि २०११. मधलं एक साल गाळलं तर २०११ चं प्रकरण कुठून आलं ते वाचणाऱ्याला कळणार कसं? खेळाडूंना दिलेल्या धमक्यांचे आरोपही त्याच ओळीत लिहा, माझी हरकत नाही. फक्त विजेत्याच्या रकान्यात दुसऱ्या क्रमांकाच्या रेड स्टारचं नाव टाकू नका.

सुनेत्रा_वाई

रेड स्टारला द्या असं मी म्हटलंच नाही. मार्सेयचं विजेतेपदही कुणाला दिलं नव्हतं, जागा रिकामी ठेवली. इथेही तेच हवं.

जुना_स्टँड

शेजारी नोंद लिहायची ठरली तर रेड स्टारच्या पानावरही लिहावी लागेल. आर्कानने टोळीसाठी माणसं त्यांच्याच स्टँडमधून उचलली. मग १९९१ मध्ये बारीला मार्सेयविरुद्ध जिंकलेल्या युरोपियन कपाखाली आपण काय लिहिणार आहोत?